स्टोव्हची घरगुती देखभाल व दुरुस्ती : एक आढावा

ज्याच्या टाकीत ज्वालाग्राही तेल, त्या तेलावर दाबलेली हवा आणि माथ्यावर उघडी ज्योत ही तिन्ही संकटे एकाच वेळी नांदतात, आणि तरीही ज्याची उघडझाप, साफसफाई व किरकोळ दुरुस्ती कोणत्याही सनदेवाचून घरातल्या माणसांनीच करावी असा शिरस्ता पडून गेला, असे यंत्र आपल्या गृहव्यवस्थेत रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हखेरीज दुसरे आढळत नाही. शिलाईचे यंत्र बिघडले तर कापड फुकट जाते, घड्याळ बिघडले तर वेळ चुकते. स्टोव्ह बिघडला तर माणूस भाजतो. म्हणून त्याची दुरुस्ती घरी करावी की करू नये, आणि करावी तर कोठपर्यंत, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. या बाबतीत दोन मते पूर्वापार चालत आली आहेत. आगीशी संबंध असलेल्या वस्तूला सामान्य माणसाने हात लावू नये, ती सरळ कारागिराकडे रवाना करावी, असे एक पक्ष म्हणतो. तर ज्याला रोज सकाळी याच स्टोव्हवर अंघोळीचे पाणी तापवायचे आहे त्याला कारागिराची वाट पाहणे परवडत नाही, म्हणून सर्वच दुरुस्ती घरी आली पाहिजे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्ष कामाच्या अवघडपणाकडे पाहतात आणि खरी कसोटी विसरतात. घरच्या दुरुस्तीची मर्यादा हात किती कुशल आहे यावरून आखता येत नाही. झालेली चूक स्टोव्ह थंड असतानाच उघडकीस येते की तो तापून दाबाखाली आल्यावर, यावरून ती आखली पाहिजे.

उगम आणि प्रसार

या यंत्राचा जन्म स्वीडनमधला. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२च्या सुमारास काजळीविरहित ज्योत देणारा रॉकेलचा स्टोव्ह सिद्ध केला आणि ‘प्रायमस’ या नावाने तो जगभर गेला. तेलाची वाफ करून ती बारीक छिद्रातून वेगाने सोडावयाची, हे तत्त्व त्याच देशातील कार्ल रिचर्ड नायबर्गच्या ब्लोलॅम्पमध्ये त्याआधीच आलेले होते. लिंडक्विस्टचे श्रेय असे की, ते हत्यार त्याने स्वयंपाकघरात आणले. या स्टोव्हच्या टिकाऊपणाची साक्ष ध्रुवप्रदेशाने दिलेली आहे. बलूनमधून उत्तर ध्रुव गाठण्यासाठी १८९७मध्ये निघालेल्या आंद्रेच्या तुकडीचे अवशेष १९३०मध्ये क्विटोया बेटावर सापडले, त्यांत प्रायमस स्टोव्हही होता. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेत शिखरावर जाण्याच्या दिवशी पहाटे हिलरीचे बूट गोठून लाकडासारखे झाले, तेव्हा ते स्टोव्हच्या ज्योतीवर धरून मऊ केल्यावरच त्याला व तेनसिंगला पुढे निघता आले.

आपल्याकडे या स्टोव्हचे आगमन झाले ते रॉकेलच्या मागोमाग. रॉकेलचे डबे बंदरातून बाजारात आणि बाजारातून खेड्यात पोचले, प्रथम दिव्यासाठी. १९१६मध्ये स्थापन झालेल्या ओगले काच कारखान्याने कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत केलेला प्रभाकर कंदील घराघरांत टांगला गेला, तोही याच तेलाच्या आधारावर. ज्या घरात दिव्यासाठी रॉकेल होते, त्या घरात स्टोव्हला फक्त जागा हवी होती. मुंबईच्या चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात चूल मांडणे दुष्कर, धूर सहन करणे त्याहून दुष्कर. तेथे पितळेच्या टाकीचा, तीन पायांचा, निळ्या ज्योतीने घरघरणारा हा स्टोव्ह म्हणजे शहरी संसाराची मोठी सोय ठरली. वसतिगृहातील विद्यार्थी, बदलीवर फिरणारा कारकून, रस्त्याच्या कडेचा चहावाला, या सर्वांना तो हातात उचलून नेता येत असे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर बर्मा-शेलने मुंबईत बर्शेन नावाचा गॅस घरगुती वापरासाठी आणल्यावरही, मध्यम व कनिष्ठ वर्गांतील बहुसंख्य कुटुंबांचा व्यवहार पुढची कित्येक वर्षे स्टोव्हवरच चालत राहिला.

रचना समजून घेण्याची आवश्यकता

देखभालीचा कोणताही नियम पाठ करण्यापूर्वी हे यंत्र चालते कसे, ते समजले पाहिजे. पंप मारला की टाकीत हवा भरते. हवेच्या दाबाने तेल मधल्या नळीतून बर्नरमध्ये चढते. बर्नर आधीच तापलेला असल्यामुळे तेथे तेलाची वाफ होते. ती वाफ निपलच्या, सुमारे तृतीयांश मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून जोराने बाहेर पडताना भोवतालची हवा ओढून घेते, आणि त्या मिश्रणाची निळी ज्योत जळू लागते. रॉकेल साधारणपणे १५० ते ३०० अंश सेल्सियसच्या दरम्यान उकळते. म्हणजे बर्नर त्याहून अधिक तापलेला असेल तरच वाफ मिळेल, एरवी निपलातून तेलाचीच चिळकांडी उडेल. वाटीत स्पिरिट जाळणे किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरला लावून धरणे, हा उपचार निव्वळ पेटवण्यासाठी नसून तापवण्यासाठी असतो, हे ज्याने ध्यानी घेतले त्याने स्टोव्हचे निम्मे शास्त्र आत्मसात केले. काकडा विझण्याआधीच घाईने पंप मारणाऱ्याच्या स्टोव्हवर पिवळा, उंच, काजळी ओकणारा भडका उठतो. तो यंत्राचा दोष नव्हे, अधीरतेचा आहे.

या रचनेवरून दुसरीही एक गोष्ट निष्पन्न होते. हवेची चावी उघडताच टाकीतील दाब जातो, दाब गेला की तेल चढणे थांबते आणि ज्योत शमते. भडका उठला तर करावयाची पहिली कृती हीच. ही चावी झिजलेली, गंजलेली किंवा पक्कडीवाचून न फिरणारी असेल, तर बाकीचा स्टोव्ह कितीही लखलखीत असला तरी तो नादुरुस्तच समजला पाहिजे.

नित्याची निगा

रोजच्या निगेत चार कामे येतात. टाकी पाऊण भरेल इतकेच तेल, तेही गाळणीतून, आणि स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर हवा सोडून भरावे. वर उरलेली मोकळी जागा हवेसाठीच असते. तेल भरल्यावर झाकणाखालचा वायसर जागेवर आहे ना, हे पाहावे. उतू गेलेल्या दुधाचा किंवा डाळीचा थर बर्नरवर साचू न देता थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावा. आणि ज्योत एका बाजूस झुकू लागली की निपलात पिन फिरवावी. ही पिन स्टोव्हचीच असली पाहिजे. तिची तार छिद्राहून बारीक ठेवलेली असते. तिच्याऐवजी शिवणाची सुई खुपसली की छिद्र कायमचे रुंदावते, वाफ आवश्यकतेहून अधिक सुटते, आणि तेल जास्त जाळूनही ज्योत पिवळीच राहते. रुंदावलेल्या निपलाला उपाय एकच, नवे निपल. त्याची किंमत मामुली असते, पण तेवढ्यासाठी हयगय करून महिनोन्‌महिने काजळी सोसणारी घरे थोडी नव्हती.

पितळेच्या टाकीला चकाकी आणण्याची आपल्याकडील परंपरागत रीत, म्हणजे चिंच आणि रांगोळी, या कामी निर्धोक आहे. मात्र ती लावून ठेवू नये, लगेच स्वच्छ पाण्याने धुवावी. अमोनिया असलेली पॉलिशे टाळावीत, आणि त्याचे कारण हिंदुस्थानच्याच इतिहासात आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि धातू ठोकताना त्यात राहिलेला ताण, हे दोन्ही मिळून पितळ फाडतात, असा त्याचा उलगडा १९२१मध्ये झाला. स्टोव्हची टाकी पितळी पत्रा ठोकून, दाबूनच घडवलेली असल्यामुळे तिच्यातही तसाच ताण असू शकतो. सफाईच्या हौसेपोटी टाकीला तडा जाण्याचे निमित्त कोणी का निर्माण करावे?

घरी करण्याजोगी दुरुस्ती

आता कसोटीकडे वळू. थंड स्टोव्हवर जिची परीक्षा पूर्ण होते, ती दुरुस्ती घरी निःशंकपणे करावी. यात सर्वांत वरचा क्रम पंपाच्या वायसरचा. चामड्याची ही वाटी सुकून आकसली की पंप पोकळ चालतो, हात थकतो आणि टाकीत हवा जात नाही. पंपाचे टोपण उघडून दांडा बाहेर काढावा, चामड्याला खोबरेल तेल लावून ते मऊ करावे, कडा बोटांनी हलकेच बाहेर वळवाव्यात आणि वाटीचे तोंड खाली राहील अशा बेताने दांडा परत बसवावा. चामडे फाटले किंवा झिजले असेल तर नवे घालावे. पंप दाबताना हाताला विरोध जाणवला, की काम झाल्याचा दाखला तेथल्या तेथेच मिळतो.

दुसरा बिघाड त्याच्या उलट स्वरूपाचा. पंप मारून हात काढताच दांडा आपोआप वर सरकत असेल, किंवा पंपाच्या नळीत तेल येत असेल, तर दोष वायसरचा नसून नळीच्या तळाशी असलेल्या एकमार्गी व्हॉल्व्हचा असतो. हवेला आत सोडून परत न येऊ देणारा हा छोटा पहारेकरी, त्याच्यातील इवलीशी गादी झिजल्यामुळे, टाकीतील दाब पंपाकडे परतवू लागतो. त्यासाठी लांब दांड्याची खास किल्ली लागते. ती घरात असेल तर व्हॉल्व्ह काढून नवी गादी किंवा नवा व्हॉल्व्ह बसवणे अवघड नाही. बसवल्यावर टाकीत हवा भरावी, स्टोव्ह पेटवू नये, आणि दांडा स्थिर राहतो की नाही हे काही वेळ पाहावे.

तिसरे काम गळतीच्या तपासाचे. थंड स्टोव्हमध्ये बेताचीच हवा भरून झाकण, चावी आणि पंपाचे टोपण यांच्याभोवती साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे उठले तर तेथे हवा गळते आहे. नळीचा व बर्नरचा सांधा मात्र बुडबुड्यांनी नव्हे, ओलसर तेलाने आपला दोष कबूल करतो, कारण तेथे दाबाखाली चढते ते तेल. या सांध्यातील शिशाचा वायसर एकदा दाबला गेला की पुन्हा तितकाच घट्ट बसेल याची खात्री नसते. म्हणून बर्नर उघडला की तो बदलावा. नवा बर्नर बसवणेही याच वर्गात येते. जुन्या बर्नरच्या आतील मार्गांत काजळीचा कठीण थर धरला की ज्योत धडधडते, मंदावते, पिन फिरवूनही सुधारत नाही. तो थर ठोकून, जाळून काढण्याचे नाना प्रयोग केले जातात, पण बर्नर बदलणे हाच त्यातला भरवशाचा मार्ग.

घरी न करण्याजोगी दुरुस्ती

याच कसोटीने टाकीची दुरुस्ती घराबाहेर पडते. टाकीला छिद्र पडले, शिवण उकलली किंवा नळीचा मुळातील सांधा सैल झाला, की डाग देण्याचा मोह होतो. कथील स्वस्त, कल्हईवाला दारात, आणि डाग दिसायलाही मजबूत दिसतो. परंतु कथील व शिसे यांचा नेहमीचा डाग सुमारे १८३ अंशांना वितळू लागतो. थंड परीक्षेत तो निर्दोष ठरेल, साबणाच्या पाण्याचा एकही बुडबुडा उठणार नाही. पण त्याची खरी परीक्षा बर्नरची उष्णता नळीवाटे खाली उतरते आणि टाकीतील दाब वाढतो तेव्हाच होईल, आणि ती नापास झाली तर त्या क्षणी स्टोव्हसमोर घरातील कोणीतरी बसलेले असेल. शिवाय रिकाम्या टाकीत तेलाची वाफ उरलेली असते. तिच्यावर तापलेली डागणी धरणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. जाणता कारागीर टाकी वारंवार धुतो आणि काम करताना तीत पाणी भरून ठेवतो. घरच्या माणसाने शिवण उकललेली टाकी मोडीत काढावी. ती पितळेची आहे, मोडीतही तिचे मोल येते. डाग दिलेल्या टाकीवर जिवाचा भरवसा ठेवण्याइतकी काटकसर कोणत्याही संसाराला शोभत नाही.

वातीचा स्टोव्ह

पंपाच्या स्टोव्हमधील हा दाबाचा धोकाच नको, म्हणून वातीचा स्टोव्ह पुढे आला. त्यात हवा भरावयाची नसते. सुती वाती तेल वर ओढतात आणि छिद्रे पाडलेल्या दोन नळकांड्यांच्या मधल्या पोकळीत ज्योत जळते. इंडियन ऑइलने देहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेच्या सहकार्याने विकसित करून १९७७मध्ये बाजारात आणलेला ‘नूतन’ स्टोव्ह या जातीतला विशेष गाजलेला. देशात तेलटंचाईची झळ ताजी असताना, तेवढ्याच तेलात अधिक शिजावे हा त्यामागचा हेतू होता.

याची देखभाल अधिक सोपी आहे. सर्व वाती एका उंचीच्या असाव्यात, जळून कडक झालेले शेंडे कात्रीने सरळ कापावेत, आखूड झालेल्या वाती वेळेवर बदलाव्यात, आणि नळकांड्यांच्या छिद्रांतील काजळी कोरड्या ब्रशाने झाडावी. एकच वात वर राहिली तरी पिवळी ज्योत आणि काळी भांडी ठरलेली. मात्र सोपेपणामुळे येणारा बेफिकीरपणा हा या स्टोव्हचा खरा धोका आहे. जळत्या स्टोव्हमध्ये तेल ओतणे, वाती पूर्ण न विझवता तो उचलून दुसरीकडे नेणे, यांतून होणारी आग पंपाच्या स्टोव्हच्या भडक्याहून कमी दाहक नसते. काश्मीर-लडाखकडे खोली उबदार ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रॉकेलच्या बुखारीलाही हेच नियम लागू पडतात, आणि त्यांत एकाची भर पडते: बंद खोलीत अपुऱ्या हवेने जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून धुराड्याची सफाई आणि हवेला वाट ठेवणे, ही तेथे दुरुस्तीइतकीच महत्त्वाची तरतूद आहे.

इंधनाची खबरदारी

उत्तम स्टोव्हही वाईट तेलापुढे हतबल असतो. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश असावा लागतो. त्याखाली त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ नये, असा त्याचा अर्थ. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंशांवर असतो. म्हणून पेट्रोल आणलेल्या डब्यातच रॉकेल आणले आणि त्यात थोडे पेट्रोल मिसळले गेले, तरी साऱ्या तेलाचा स्वभाव पालटतो. शिवाय ३५ ही किमान मर्यादा आहे, हे विदर्भातील वाचकांनी तरी विसरू नये. चंद्रपूर-नागपूरकडील मे महिन्यात उन्हात ठेवलेला डबा या मर्यादेच्या सहज पलीकडे जातो. तेल सावलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. शिधावाटपाच्या रॉकेलला भेसळ ओळखता यावी म्हणून निळा रंग दिलेला असे. तो रंग म्हणजे हलक्या प्रतीची खूण नव्हे. आणि तेल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेल्या मुलाने ते घोटभर प्यायले तर त्याला ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता तातडीने रुग्णालयात न्यावे, कारण ओकताना तेल फुप्फुसात गेले तर अनर्थ अधिक मोठा होतो.

यंत्रज्ञान आणि न्याय

स्टोव्हच्या दुरुस्तीचा विचार येथेच थांबवता आला असता, तर बरे झाले असते. परंतु गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका होऊन विवाहितेचा मृत्यू’ हा मजकूर वृत्तपत्रांत इतक्या वेळा छापला गेला की, त्याची दखल न घेता हा आढावा पुरा होत नाही. स्त्री-संघटनांनी या मृत्यूंविषयी शंका घेतली, आंदोलने केली. १९८३मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आणि १९८६मध्ये हुंडाबळीसंबंधीचे कलम ३०४-ब दाखल झाले. या सर्वांच्या मुळाशी एक साधी यांत्रिक गोष्ट आहे. स्टोव्ह खरोखरच फुटला असेल तर तो तसे सांगतो: शिवण उकललेली असते, झाकण किंवा बर्नर उडालेला असतो, सांधा वितळलेला असतो. टाकी अभंग, झाकण घट्ट, बर्नर जागेवर, आणि तेल मात्र कपड्यांवर, अशी स्थिती असेल तर स्फोटाची कथा टिकत नाही. पंचनाम्यात टाकी, चावी, सांधे, निपल आणि शिल्लक तेल यांची तपशीलवार नोंद करण्याइतके स्टोव्हचे ज्ञान ज्या अंमलदाराला आहे, तो सत्याच्या जवळ जातो. ज्याला ते नाही, तो सांगितले जाईल ते लिहून घेतो. स्टोव्हविषयीच्या सार्वत्रिक अज्ञानाचा आडोसा घेऊन कित्येक गुन्हे अपघाताच्या सदरात जमा झाले असावेत, असे मानण्यास सबळ कारण आहे.

आजची स्थिती

२०१६मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस खेड्यापाड्यांत पोचला, शिधावाटपाचे रॉकेल आटत गेले, आणि स्टोव्हच्या पिना, वायसर, बर्नर विकणारी दुकानेही विरळ झाली. चुलीच्या धुरापासून आणि स्टोव्हच्या भडक्यापासून घरांची सुटका व्हावी, हे सर्वस्वी इष्टच आहे, आणि स्टोव्हने परत यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु माळ्यावरचा जुना स्टोव्ह सिलिंडर संपल्यावर खाली काढला जातो, गिर्यारोहकाच्या पाठीवर तो आजही प्रवास करतो. आणि नेमक्या अशा वेळी त्याचे चामडे सुकलेले, वायसर चिरलेले आणि वापरणाराचा हात अनभ्यस्त असतो. दीर्घकाळ पडून असलेला स्टोव्ह पेटवण्यापूर्वी जुने तेल काढून टाकणे, सर्व वायसर बदलणे आणि थंड परीक्षा करणे, ही तीन कामे केल्याखेरीज त्याला काडी लावू नये.

गॅसची नळी, शेगडीचा बर्नर, पाणी तापवण्याचा गीझर, या आजच्या साधनांनाही थंड परीक्षेचा हाच न्याय लागू आहे. नळीच्या जोडाला साबणाचे पाणी लावून गळती पाहणे घरच्या माणसाचे काम. सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा रेग्युलेटरच्या पोटात हात घालणे नव्हे. यंत्र बदलले तरी उष्णता आणि दाब यांच्यापुढे माणसाने कोठे धीट व्हावे आणि कोठे थांबावे, हा विवेक बदलत नाही. तो विवेक मुलामुलींना शाळेच्या प्रयोगशाळेत आणि घराच्या ओट्यापाशी सारख्याच आस्थेने शिकवला गेला पाहिजे. कारण तो शिकलेला माणूस आपले घर सुरक्षित ठेवतो, आणि प्रसंग पडल्यास घडलेल्या गोष्टीची खरी साक्षही देऊ शकतो.